पुण्याच्या शिळाछापातला वल्हांडण

पुण्यात १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात शिळाछापावर निघालेल्या एका पुस्तकात हिब्रू मजकूर, त्याचे मराठी भाषांतर आणि काही चित्रे एकत्र आली आहेत. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर या दोघांनी सिद्ध केलेले हे पुस्तक म्हणजे बेने इस्राएल समाजाचा ‘हग्गादा’ होय. हग्गादा हे पेसाह या ज्यू सणाच्या पहिल्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचायचे पुस्तक असते, आणि हा सण मराठी बायबलमुळे मराठी वाचकाला ‘वल्हांडण’ या नावाने परिचित आहे. पुण्याच्या या पुस्तकातील सणाच्या तयारीच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळीचे काम करताना दिसतात. कथा इजिप्तमधील गुलामगिरीची आणि सुटकेची, विधी प्राचीन पॅलेस्टाइनात आकाराला आलेला, चित्रे काढण्याची रीत युरोपातून आलेली, आणि काम करणाऱ्या बायका मात्र कोकणातल्या, असा हा योग मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावा लागेल.

ज्यू सणांवर मुलांसाठी लिहिलेल्या चित्रपुस्तकांची आज मोठी बाजारपेठ आहे; अमेरिकेत तर त्यांच्यासाठी स्वतंत्र पारितोषिके आणि घरपोच मोफत वाटपाच्या योजनाही आहेत. या पुस्तकांच्या शेजारी पुण्याचे हे जुने पुस्तक ठेवून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. काय घडले ते मुलाला मजकूर सांगतो, परंतु ते कोणाच्या घरात घडले हे चित्र ठरवते. संख्येने लहान असलेल्या समाजाच्या दृष्टीने हा निर्णय क्षुल्लक नसतो, कारण त्या समाजातील मुलाला शाळेत, शेजारी आणि रस्त्यावर इतरांचे सण सतत दिसत असतात, स्वतःच्या सणाचे चित्र मात्र पुस्तकातच भेटते, आणि त्या चित्रातले घर परके निघाले तर सणही काहीसा परका होऊन बसतो.

मुलाच्या प्रश्नावर उभा राहिलेला विधी

पेसाह हा निसान या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या तिथीच्या रात्री सुरू होतो. इस्राएलबाहेरील ज्यू तो आठ दिवस पाळतात आणि या काळात खमीर चढलेले कोणतेही धान्य घरात ठेवत नाहीत. पहिल्या रात्रीच्या विधीला ‘सेदेर’, म्हणजे ठरलेला क्रम, असे म्हणतात. त्यात चार पेले द्राक्षारस, कडू पाला, खारे पाणी, ‘हारोसेत’ नावाचे गोड मिश्रण आणि ‘मात्झा’ ही बिनखमिराची पोळी यांना प्रत्येकी एक अर्थ दिलेला असतो. कडू पाला गुलामगिरीची, खारे पाणी अश्रूंची, हारोसेत विटांच्या चिखलाची आणि मात्झा घाईघाईने निघालेल्या लोकांच्या न फुगलेल्या कणकेची आठवण देते. मात्झाच्या बाबतीत नियम इतका काटेकोर आहे की पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत पोळी भट्टीत गेली पाहिजे, अन्यथा ती खमिराची मानली जाते.

या सगळ्या क्रमाच्या केंद्रस्थानी मूल आहे. सुटकेची हकीकत आईबापांनी मुलांना सांगावी ही तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, आज्ञा आहे, आणि हग्गादाची रचना त्या आज्ञेतूनच झालेली आहे. घरातील सर्वांत लहान मुलाने ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे विचारायचे, आणि मोठ्यांनी त्याच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सारी कथा उलगडायची, असा संकेत आहे. मोडलेल्या मात्झाचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि जेवणानंतर मुले तो शोधून काढतात, ही गंमतही मुलांनी रात्री उशिरापर्यंत जागे राहावे म्हणूनच रूढ झाली आहे. पुस्तकात चार मुलांचे एक प्रसिद्ध प्रकरण आहे: एक शहाणा, एक उद्धट, एक साधाभोळा आणि एक ज्याला प्रश्न कसा विचारावा हेच माहीत नाही. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे उत्तर द्यावे आणि चौथ्याच्या बाबतीत तर त्याने विचारण्याची वाट न पाहता मोठ्यांनी स्वतःच बोलायला सुरुवात करावी, असे तेथे सांगितले आहे. हग्गादा हा प्रौढांचा धर्मग्रंथ असूनही मुलाला समोर बसवून लिहिला गेला, आणि म्हणूनच ज्यू ग्रंथांपैकी सर्वाधिक चित्रे त्याच्या वाट्याला आली, असे म्हणता येते.

ग्रंथ हरवलेला समाज

बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलाची संतती’, हा कोकणातील ज्यू समाज. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि सोबतचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. या आख्यायिकेची ऐतिहासिक पारख करणे कठीण असले तरी तिने एका वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण दिले आहे: अठराव्या शतकापर्यंत या समाजाजवळ लिखित हिब्रू परंपरा जवळजवळ नव्हती, आणि तरीही शनिवारी काम न करणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता, आहाराचे काही नियम आणि ‘शेमा’ या मूळ श्रद्धावचनाचे पठण टिकून राहिले होते. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, गलसुरकर, तळकर ही त्यांची आडनावे आजही रायगड जिल्ह्याचा नकाशा सांगतात.

ग्रंथ नसताना सण कसे लक्षात राहिले, हे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासावरून कळते. सणांची मूळ हिब्रू नावे विसरली गेली होती आणि त्यांच्या जागी घरगुती मराठी नावे आली होती. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपासाचा ‘दारफळणीचा सण’, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळण्याचा ‘बिरड्याचा सण’ आणि एस्तेरच्या कथेची आठवण देणाऱ्या पुरीमचा ‘होळीचा सण’ अशी ती नावे होती. पेसाहला ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबट द्रव ठेवण्याचे मातीचे भांडे. या दिवसांत ते झाकून ठेवले जाई. खमिराच्या निषेधाची स्मृती अशी एका भांड्याच्या झाकणात शिल्लक होती, पण ते भांडे का झाकायचे याची इजिप्तची कथा मात्र विधीतून निसटली होती. म्हणजे मूल कदाचित प्रश्न विचारतही असेल, परंतु त्याला उत्तर देणारे पुस्तक घरात नव्हते.

सणांच्या या नावांमागे पंचांगाचा शेजारही होता. हिब्रू आणि मराठी ही दोन्ही पंचांगे चांद्रमासांवर चालतात आणि अधिक मास घालून सूर्याशी मेळ राखतात, त्यामुळे पुरीम बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो आणि होळीशी त्याची गाठ पडते. पेसाह बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेला येतो. कोल्हापूरच्या वाचकाला ही तिथी वेगळी सांगावी लागत नाही, कारण त्याच पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची चैत्र यात्रा भरते, सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाने डोंगर माखतो. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी यात्रेची पौर्णिमा आणि सेदेरची रात्र एकमेकींना लागून किंवा एकाच दिवशी आल्या. कोल्हापुरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, नाही. महाराष्ट्रातील सिनेगॉगांची साखळी मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातील गावे अशी आहे. परंतु पेसाहच्या पहिल्या रात्रीचा मुख्य विधी सिनेगॉगात नव्हे, घरी होतो, आणि नोकरीपायी समाजाच्या मुख्य वस्त्यांपासून दूर गेलेल्या कुटुंबाला तो पार पाडण्यासाठी एक पुस्तक, एक चूल आणि एक मूल पुरेसे असते.

कोचीनचे शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा आणि दगडावरची अक्षरे

हरवलेला ग्रंथ परत मिळण्याची वाट तीन दिशांनी आली. पहिली दिशा कोचीनची. मलबारच्या ज्यूंकडे हिब्रू परंपरा अखंड होती आणि अठराव्या शतकापासून तेथील शिक्षक कोकणात व मुंबईत येऊ लागले. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले आणि सामुदायिक उपासनेला जागा मिळाली. दुसरी दिशा ख्रिस्ती मिशनऱ्यांची. १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनने कोकणात शाळा उघडल्या, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, आणि बायबलचा पूर्वार्ध मराठीत उपलब्ध झाला. धर्मांतराचा हेतू फारसा साधला नाही, कारण बेने इस्राएलांनी अक्षरे स्वीकारली आणि बाप्तिस्मा नाकारला. पण अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्या कथा त्यांच्या मुलांना पहिल्यांदा मराठी वाक्यांत वाचायला मिळाल्या, त्या बऱ्याच अंशी या शाळांमुळे.

तिसरी दिशा छपाईची. मुंबईत हिब्रू खिळे दुर्मीळ होते आणि डावीकडून उजवीकडे जाणारी देवनागरी व उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू एकाच पानावर जुळवणे खिळ्यांच्या छपाईत कटकटीचे होते. शिळाप्रेसने ही अडचण दूर केली. या पद्धतीत लेखनिक विशिष्ट शाईने मजकूर लिहितो, तो गुळगुळीत चुनखडी दगडावर उतरवतात, आणि चरबी व पाणी एकमेकांना दूर सारतात या तत्त्वाने शाई फक्त अक्षरांवर चढते. हाताने जे काही लिहिता किंवा रेखाटता येईल ते सारे छापता येत असल्यामुळे दोन लिप्या आणि चित्र यांचा खर्च सारखाच पडतो. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ पासून मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांगे छापून या तंत्राची लोकप्रियता सिद्ध केली होती. १८४६ मध्ये मुंबईत याच तंत्राने मराठी भाषांतरासह पहिला हग्गादा निघाला, आणि त्याच्याशी कोचीनचे हलेगुआ आणि कोकणचे गलसुरकर अशी दोन्हीकडची नावे जोडलेली आहेत.

लुगड्यातील स्त्रिया

१८७४ चे पुण्याचे पुस्तक या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तोपर्यंत पुण्यात ज्यूंचा वावर ठळक झाला होता. बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या दानातून उभे राहिलेले, लोकांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ म्हणून रुळलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६७ मध्ये पुरे झाले होते, आणि लष्करात व सरकारी खात्यांत काम करणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांची वस्ती वाढली होती. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले, तेच पुढे सर एली कदूरी स्कूल या नावाने ओळखले जाऊ लागले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारखे हिब्रू पंडित याच काळात प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करीत होते. शाळा, प्रार्थनापुस्तक आणि सणाचे सचित्र पुस्तक ही तिन्ही एकाच पिढीने उभी केली, आणि तिन्हींचा रोख मुलांकडे होता.

सचित्र हग्गादाची रीत तळकरांनी युरोपातील छापील नमुन्यांवरून घेतली. विधीच्या पायऱ्या एकेका छोट्या चौकटीत दाखवायच्या ही मूळ कल्पना तेथली आहे, आणि जुन्या युरोपीय हग्गादांत सणाची तयारी करणारी माणसे युरोपीय पोशाखातच असतात. पुण्याच्या चित्रकाराने चौकट ठेवली आणि माणसे बदलली. बैठक जमिनीवर आली, पोशाख लुगड्याचा झाला, आणि पिठापासून भाजण्यापर्यंतचे काम ज्या रीतीने मराठी घरात होते त्या रीतीने चित्रात आले. चित्रकाराचा हेतू काय होता याची नोंद नसली तरी परिणाम उघड आहे. हे पुस्तक उघडणाऱ्या मुलाला मात्झा ही दूरदेशीची वस्तू वाटण्याचे कारण उरले नाही, कारण ती करणारी बाई त्याच्या आजीसारखी बसलेली होती.

त्या घरातील प्रत्यक्ष तयारीही तितकीच मराठी होती. सणाआधी घराला चुना लागे, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई होई. हारोसेत युरोपातल्याप्रमाणे सफरचंदाचे न होता खजुराचे होई, आणि द्राक्षमद्याच्या जागी मनुका भिजवून काढलेले सरबत पेल्यांत ओतले जाई. इजिप्तमध्ये इस्राएलांच्या दारांवर लावलेल्या कोकराच्या रक्ताची आठवण म्हणून काही घरांत रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा कागदावर घेऊन दारावर लावण्याची चाल होती, असे जुन्या वर्णनांत येते. भात या समाजाने पेसाहमध्येही वर्ज्य मानला नाही, तर पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंमध्ये तो वर्ज्य आहे.

महाराष्ट्रातील छापील चित्रांच्या इतिहासातही या पुस्तकाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रशाळा पुण्यात १८७८ मध्ये निघाली आणि राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला. देवदेवतांना ओळखीचा मराठी पेहराव आणि ओळखीचे घर देणारी रंगीत चित्रे त्यानंतर घरोघर गेली. एका लहानशा ज्यू समाजाने आपल्या सणाच्या पुस्तकात हेच काम, रंगाशिवाय आणि मोठ्या भांडवलाशिवाय, त्याआधी करून ठेवले होते.

प्रागपासून बर्लिनपर्यंत

प्रत्येक देशातील ज्यूंनी हग्गादात आपापले घर रेखाटले आहे, आणि पुण्याचे पुस्तक त्या लांब परंपरेतील एक दुवा आहे. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये हाताने रंगवलेला, आज साराएव्होच्या संग्रहालयात असलेला हग्गादा त्यावरील द्राक्षमद्याच्या डागांमुळेही प्रसिद्ध आहे, आणि ते डाग तो पुस्तकपेटीत न राहता जेवणाच्या मेजावर वापरला गेल्याचे सांगतात. सुमारे १३०० मध्ये दक्षिण जर्मनीत तयार झालेल्या एका हग्गादात माणसांना पक्ष्यांची तोंडे काढली आहेत. १५२६ मध्ये प्रागला लाकडी ठशांतील चित्रांचा छापील हग्गादा निघाला, आणि १६९५ मध्ये अॅम्स्टरडॅमला तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांची आवृत्ती आली. अॅम्स्टरडॅमच्या चित्रकाराने ख्रिस्ती बायबलातील चित्रांचा सरळ आधार घेतला होता, तरी त्यानंतर दीडदोन शतके ज्यू घरांत तीच चित्रे ‘आपली’ मानली गेली. उसन्या चित्राला आपलेसे करणे ही या ग्रंथप्रकाराची जुनी सवय आहे.

खास मुलांसाठी काढलेले हग्गादाचे सर्वांत लक्षणीय रूप बर्लिनमध्ये १९३३ साली आले. ए. एम. झिल्बरमान यांनी संपादित केलेल्या आणि एर्विन झिंगर यांनी चित्रित केलेल्या ‘मुलांच्या हग्गादा’मध्ये कागदी पट्टी ओढली की चित्राचा भाग हलतो. हिटलर सत्तेवर आला ते हेच वर्ष होते; गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची कथा खेळण्यासारख्या पुस्तकातून वाचणाऱ्या मुलांपुढे तीच कथा नव्याने उभी राहत होती. १९३७ मध्ये लंडनला त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि पुस्तक आपल्या वाचकांच्या आधी सुरक्षित किनाऱ्याला लागले. पुढे पेटलेल्या दुसऱ्या महायुद्धाची एक लाट कोल्हापूरपर्यंतही पोहोचली होती: शहराजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यत्वे कॅथलिक स्त्रिया आणि मुले, राहत होते, आणि पोलिश भाषेच्या शाळा चालवून त्यांनी परदेशात आपली पिढी घडवली. मायभूमीपासून तुटलेल्या समाजाला मुलांच्या शाळेची आणि पुस्तकाची गरज किती निकडीची असते, याचा हा कोल्हापूरच्या इतिहासातील दाखला होय.

कीर्तनातला मोशे

पुस्तकाच्या जोडीला बेने इस्राएलांनी आणखी एक मराठी माध्यम स्वीकारले. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजातील काही सुशिक्षितांनी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी ही रचना जशीच्या तशी ठेवून त्यांत अब्राहाम, योसेफ, मोशे आणि एस्तेर यांची आख्याने बसवण्यात आली आणि ती पुस्तकरूपानेही छापली गेली. वाचता न येणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांना हिब्रू कथांचा दीर्घ परिचय प्रथम याच मार्गाने घडला. कीर्तनकाराचा उपरण्यासह उभा राहण्याचा थाट आणि झांजेच्या ठेक्यावर लाल समुद्र दुभंगण्याचे वर्णन यांतून मुलाच्या मनात जे दृश्य उभे राहत असेल, ते तळकरांच्या चित्रांशी जुळणारेच होते: कथा दूरची, पण सांगणारा, ऐकणारा आणि चाल गावातली.

बर्फाळ गावातला हनुका

१९४८ नंतर परिस्थिती वेगाने पालटली. त्या वेळी सुमारे वीस हजार असलेल्या या समाजातील बहुसंख्य कुटुंबे पुढच्या काही दशकांत इस्राएलला गेली आणि भारतातील सर्व ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आली. लोद, अश्दोद, बीरशेबा आणि दिमोना येथे मराठी बोलणारी वस्ती निर्माण झाली आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघू लागले, परंतु मुलांच्या शाळेची भाषा हिब्रू झाली. भारतात राहिलेल्या कुटुंबांत शिक्षणाची भाषा बहुधा इंग्रजी झाली. मराठी हग्गादाचा वाचक अशा रीतीने दोन्हीकडे कमी होत गेला आणि मुलांच्या हाती आयात पुस्तके आली.

या पुस्तकांचा दर्जा वादातीत आहे. एरिक किमेल यांनी लिहिलेले आणि ट्रिना शार्ट हायमन यांनी चित्रित केलेले ‘हर्शेल अँड द हनुका गॉब्लिन्स’ हे १९८९ चे पुस्तक कॅल्डेकॉट सन्मानाने गौरवले गेले. त्यात पूर्व युरोपातील बर्फाळ खेडे, पडके सिनेगॉग आणि हनुका हा दिव्यांचा सण बंद पाडू पाहणारी भुते यांचा विनोदी सामना आहे. २००५ मध्ये हॅरल्ड ग्रिन्स्पून यांच्या प्रतिष्ठानाने अमेरिकेत पीजे लायब्ररी ही मुलांना घरपोच मोफत ज्यू पुस्तके पाठवणारी योजना सुरू केली आणि तिच्या धर्तीवर इस्राएलमध्ये बालवाड्यांमार्फत हिब्रू पुस्तके वाटली जाऊ लागली. मात्र या व्यवहारात ज्यू सणाचे ‘नेहमीचे’ रूप पूर्व युरोपीय होऊन बसले: बर्फ, फरच्या टोप्या आणि बटाट्याचे तळलेले लॅटके. बेने इस्राएलांच्या दृष्टीने यात दुहेरी परकेपणा आहे, कारण ज्या हनुकावर सर्वाधिक चित्रपुस्तके निघतात तो सणच त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. हनुका ज्या घटनेची आठवण देतो ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात घडली, आणि आपले पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले असावेत, असा निष्कर्ष किहीमकरांनी याच अभावावरून काढला होता. पेसाह आणि पुरीम ज्या समाजाच्या घरात खोलवर रुजले आहेत, त्याच्या मुलाला पुस्तकांतून प्रामुख्याने हनुका भेटतो.

गेल्या काही वर्षांत या एकसुरीपणाला छेद देणारी पुस्तके आली आहेत. पॅमेला एरेनबर्ग यांचे, अंजन सरकार यांच्या चित्रांचे ‘क्वीन ऑफ द हनुका डोसाज’ हे २०१७ चे पुस्तक अमेरिकेतील एका भारतीय-ज्यू कुटुंबात लॅटक्यांऐवजी डोसे कसे होतात ते सांगते. भारतीय स्वयंपाकघर ज्यू चित्रपुस्तकात आले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि ते घर मिश्र विवाहाचे आणि दाक्षिणात्य वळणाचे आहे, आणि पुरीमला पुरणपोळी करणाऱ्या कोकणी ज्यू घराशी त्याचे नाते दूरचेच राहते.

मराठी चित्रपुस्तकापुढचे काम

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अशा मान्यतेचा उपयोग नोंदी, संस्था आणि शिष्यवृत्त्या यांना होतो. मुलांच्या कल्पनेत एखाद्या समाजाला जागा मिळवून देण्याचे काम मात्र पुस्तकांनाच करावे लागते. पेसाहचे मराठी चित्रपुस्तक काढायचे झाल्यास त्याची सामग्री जुन्या पुस्तकांत आणि घरांच्या आठवणींत तयार आहे: चुना आणि कल्हई, झाकलेले अनस, मनुकांचे सरबत, खजुराचे हारोसेत, लपवलेला मात्झाचा तुकडा आणि एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्यासाठी उघडे ठेवलेले दार. ती चित्रित करण्यासाठी कोल्हापूर हे योग्य गाव आहे असे म्हणण्यास आधार आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने घडलेले आबालाल रहिमान आणि नाटकाच्या पडद्यांपासून चित्रपटापर्यंत गेलेले बाबूराव पेंटर यांनी येथे आजूबाजूचे जगणे नेमकेपणाने रेखाटण्याची शिस्त रुजवली, आणि कलानिकेतन, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट यांसारख्या संस्थांतून आजही चित्रकार तयार होतात. अशा पुस्तकाला धर्मप्रचाराचे वळण देण्याची गरज नाही आणि त्याला केवळ खाद्यपदार्थांचा मेळावा करण्याचेही कारण नाही. १८७४ च्या चित्रांचे बळ त्यांतील कामाच्या अचूकतेत आहे: कोण कुठे बसले आहे, हातात काय आहे आणि पुढे काय होणार आहे, हे मुलाला बघताक्षणी कळते.

असे पुस्तक किती ज्यू मुले वाचतील, हा प्रश्न साहजिकच विचारला जाईल, आणि मराठी वाचणाऱ्या ज्यू मुलांची संख्या पाहता त्याचे उत्तर उत्साहवर्धक नाही. परंतु त्याचा मोठा वाचकवर्ग वेगळाच आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्या कुटुंबातील मूल, त्याच रात्री अलिबागला किंवा ठाण्याला आपल्याच भाषेत बोलणारे दुसरे एक कुटुंब निराळ्या सुटकेची कथा वाचत असते, हे जाणत नाही. हग्गादाच्या भाषेत सांगायचे तर ते चौथे मूल आहे. या शेजाऱ्याविषयी कोणता प्रश्न विचारावा हेच त्याला ठाऊक नाही. त्या मुलासाठी हग्गादाने दिलेली सूचना स्पष्ट आहे, आणि ती मराठी लेखक, चित्रकार व प्रकाशक यांनाही लागू पडते: प्रश्नाची वाट पाहू नये, मोठ्यांनी सांगायला सुरुवात करावी.